नावाचा दरवळ

बायकांच्या परफ्यूमचे कोणतेही मोठे दुकान पाहिले की मांडणीतली उतरंड लगेच ध्यानात येते. डोळ्यांच्या उंचीवर, उजळ फडताळात शनेल, दिओर, इव्ह सां लोराँ, जिव्हाँशी अशी फॅशनच्या घराण्यांची नावे असतात. खालच्या फळीवर, बहुधा सवलतीची चिठ्ठी लावलेले, नटी आणि गायिकांच्या नावाचे सेंट असतात. गिऱ्हाईकही हीच उतरंड मनात धरून येते: फॅशनवाल्याचा सुगंध म्हणजे अभिरुची, नटीचा सुगंध म्हणजे प्रसिद्धीचा धंदा. या वाटणीला इतिहासाचा आधार नाही, असे माझे म्हणणे आहे. कपडे बेतणाऱ्याचे नाव सुगंधाच्या बाटलीवर ज्या कारणाने आले, त्याच कारणाने रंगमंचावरच्या बाईचेही आले. दोन्ही गोष्टी पॅरिसमध्ये, जवळजवळ एकाच दशकात घडल्या, आणि दोन्हींत प्रत्यक्ष सुगंध बांधणारा माणूस तिसराच होता. ज्या घराण्यांनी आपला गंधकार पदरी ठेवला तेवढी सोडली, तर ही व्यवस्था आजही तशीच आहे.

हे नाव लागले का, हे समजायला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस-चाळीस वर्षांत प्रयोगशाळेत काय झाले ते पाहावे लागते. त्याआधी सुगंधाची पारख करायला सृष्टीतलाच नमुना हाताशी असे. गुलाबपाण्याची परीक्षा गुलाबाशी ताडून व्हायची, लॅव्हेंडरच्या अर्काची लॅव्हेंडरशी. आपल्याकडे अत्तराच्या दुकानात अजून हीच रीत चालते. गुलाब, मोगरा, केवडा, खस ही नावे मालाचीच आहेत, आणि खसाचे अत्तर खोटे असेल तर वाळ्याचा पडदा माहीत असलेल्या नाकाला ते कळते. मिश्रणांची विद्याही आपल्याकडे जुनी आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेच्या गंधयुक्ती प्रकरणात सोळा द्रव्यांपैकी चार-चार घेऊन, त्यांची प्रमाणे बदलत, १,७४,७२० सुगंध होतात असा हिशेब मांडला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी ज्या गंधशास्त्रीय पोथ्या उजेडात आणल्या त्यांत गंगाधराचा ‘गंधसार’ आहे आणि मराठी टीकेसह लिहिलेला ‘गंधवाद’ही आहे. भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रियांचे वर्णन करणारी ही विद्या आहे. कृती वाचणाऱ्यासमोर उघडी आहे आणि द्रव्यांची नावे स्पष्ट आहेत.

युरोपात ही सोय संपली ती रसायनशास्त्रामुळे. १८६८ मध्ये विल्यम पर्किनने कुमारिन प्रयोगशाळेत तयार केले. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान यांनी व्हॅनिलिन बनवले, आणि १८९३ मध्ये व्हायोलेट फुलाची आठवण देणारे आयोनोन आले. १८८२ साली ऊबिगाँ या पेढीसाठी पोल पार्के याने कुमारिन वापरून जो सुगंध बांधला, त्याचे नाव ‘फुजेर रोयाल’, म्हणजे राजेशाही नेचे. नेच्याला सांगण्याजोगा वासच नसतो. ज्या वनस्पतीला वास नाही तिच्या नावाचा सुगंध विकला गेला, आणि लोकांना तो अतिशय आवडला. १८८९ मध्ये गेरलाँ घराण्याच्या ‘जिकी’ने पुढचे पाऊल टाकले. त्याला कोणत्याही फुलाचे नाव नव्हते. कलेच्या दृष्टीने ही मोठी मुक्ती होती. गंधकार आता फुलाची नक्कल करण्याच्या बंधनातून सुटला आणि मनातली कल्पना वासात उतरवू लागला. पण विकत घेणाऱ्या बाईच्या हातातले माप त्याच क्षणी गेले. कशाशी ताडून पाहायचे, हे तिला कोणी सांगू शकत नव्हते. कृती तर पेढीच्या तिजोरीत बंद. अशा वेळी भरवशासाठी माणूस नावाकडे वळतो, आणि व्यापाऱ्यांनी ते नाव पुरवले.

राजघराण्याचे नाव वापरायची रीत आधीपासून होतीच. १८५३ मध्ये गेरलाँने सम्राज्ञी युजेनीसाठी कोलन वॉटर केले आणि तिचा अधिकृत सुगंधकार हा किताब मिळवला. साम्राज्य गेल्यावर ती जागा रंगभूमीने घेतली. पॅरिसच्या रिगो पेढीने १९१० च्या दशकात ‘मेरी गार्डन’ या नावाचा सुगंध विकला. मेरी गार्डन ही त्या काळची गाजलेली ऑपेरा गायिका. द्यबुसीच्या ऑपेरात १९०२ साली मेलिसांदची भूमिका पहिल्यांदा तिने केली होती. त्याच सुमारास, १९११ मध्ये, कपडे बेतणाऱ्या पोल प्वारेने सुगंधाची पेढी काढली, पण तिला आपले नाव न देता मुलीचे, रोझीनचे, दिले. म्हणजे आज ज्याला हलके समजले जाते ते सेलिब्रिटी परफ्यूम शनेलच्या ‘नंबर फाइव्ह’पेक्षा वयाने मोठे आहे. कुलीन आणि उपरे ठरवायचेच असेल, तर निदान जन्मतारखा तरी आधी पाहायला हव्यात.

‘नंबर फाइव्ह’ची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे, कारण फॅशन घराण्याच्या सुगंधाचा आदर्श म्हणून तिच्याकडेच बोट दाखवले जाते. अर्नेस्ट बो हा मॉस्कोत जन्मलेला आणि तिथल्या राले पेढीत तयार झालेला गंधकार. रशियन क्रांतीनंतर तो फ्रान्सला आला. त्याने पुढे सांगितल्याप्रमाणे शनेलबाईंसमोर त्याने दोन मालिकांत नमुने ठेवले, एक ते पाच आणि वीस ते चोवीस. बाईंनी पाचवा निवडला. १९२१ मध्ये तो विक्रीला आला. जाई आणि गुलाबाच्या भरघोस मेळावर त्याने अल्डिहाइडची जी मात्रा चढवली होती, तिने वासाला साबणासारखी स्वच्छ चकाकी आली. ही कल्पना, हे धाडस बोचे आहे. निवड मात्र शनेलची, आणि ती अचूक होती, हेही मान्य केले पाहिजे. पुढचा व्यवहार बघा. १९२४ मध्ये ‘पार्फ्यूम शनेल’ ही कंपनी निघाली तेव्हा ७० टक्के मालकी वेर्टहाइमर बंधूंची होती, २० टक्के गालेरी लाफायेतच्या तेओफील बादेरची आणि अवघी १० टक्के शनेलची. माल बनवायचा, भरायचा आणि विकायचा तो बंधूंनी. बाईंनी द्यायचे ते नाव. या वाटणीबद्दल शनेलबाई इतक्या असमाधानी होत्या की जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्ये, १९४१ साली, ज्यूंची मालमत्ता हिरावणाऱ्या कायद्याचा आधार घेऊन ही कंपनी बळकावण्याचा प्रयत्न त्यांनी केला. वेर्टहाइमर ज्यू होते, पण अमेरिकेला जाण्याआधी त्यांनी कंपनी एका विश्वासू फ्रेंच उद्योजकाच्या नावावर केली होती, म्हणून ती वाचली. तडजोड युद्धानंतर, १९४७ मध्ये झाली. आज एखादी गायिका आपले नाव वापरू देते आणि विक्रीतला हिस्सा घेते, तो करार या १९२४ च्या कराराचाच वंशज आहे.

त्यानंतरच्या काळात दोन्ही जगांमधली भिंत सतत झिरपत राहिली. एल्सा शियापारेलीच्या ‘शॉकिंग’ची १९३७ मधली बाटली मे वेस्ट या नटीच्या बांध्यावर बेतलेली होती. जिव्हाँशीचे ‘लँतेर्दी’ १९५७ मध्ये बाजारात आले ते ऑड्री हेपबर्नसाठी बांधलेला सुगंध म्हणूनच, आणि जाहिरातीत चेहराही तिचाच. काथरीन दनव्ह सत्तरच्या दशकात अमेरिकेत ‘नंबर फाइव्ह’चा चेहरा होती, तेव्हा ती उच्च अभिरुचीची खूण ठरली, १९८६ मध्ये तिच्याच नावाचा सुगंध एव्हॉनने काढला, तर तो झाला सेलिब्रिटी सेंट. बाई तीच. त्याआधीच सोफिया लॉरेनच्या नावाचा सुगंध कोती कंपनीने काढला होता. पुढे एलिझाबेथ टेलरचे ‘पॅशन’ १९८७ मध्ये आणि ‘व्हाइट डायमंड्स’ १९९१ मध्ये आले, जेनिफर लोपेझचे ‘ग्लो’ २००२ मध्ये, ब्रिटनी स्पीअर्सचे ‘क्युरियस’ २००४ मध्ये. ‘व्हाइट डायमंड्स’ बांधले कार्लोस बेनाइम यांनी. राल्फ लॉरेनसाठी १९७८ मध्ये ‘पोलो’ त्यांनीच बांधले होते, आणि २००५ मध्ये व्हिक्टर अँड रॉल्फ या फॅशन जोडीचे ‘फ्लॉवरबॉम्ब’ बांधणाऱ्यांतही ते होते. एकच माणूस, एकाच मोठ्या कंपनीच्या टेबलाशी बसून, सकाळी फॅशन घराण्याच्या कागदावर आणि दुपारी नटीच्या कागदावर काम करू शकतो. बाटली दुकानात कुठल्या फळीवर जाणार, हे त्याच्या नाकाला माहीत नसते.

याला पहिला आक्षेप असा की फॅशन घराण्याचा निर्माता स्वतः वास घडवून घेतो, नटी फक्त सही करते. काही बाबतीत हे खरे आहे, पण नियम म्हणून टिकत नाही. चँडलर बर या लेखकाने २००८ च्या ‘द परफेक्ट सेंट’ या पुस्तकात दोन सुगंधांचा जन्म शेजारी शेजारी ठेवून सांगितला आहे. दोन्ही २००५ मध्ये बाजारात आले. एक एर्मेसचा, झाँ-क्लोद एलेना यांनी बांधलेला ‘अँ झार्दँ स्यूर ल नील’. त्याची कल्पना एलेनांना आस्वानला, झाडावर लगडलेल्या कैऱ्यांच्या वासातून सुचली. दुसरा सारा जेसिका पार्कर या नटीचा ‘लव्हली’. पार्कर आपल्या अंगाला लावायला एक स्वस्त कस्तुरीगंध, एक तेल आणि धूपासारखा वास असलेले एक परफ्यूम असे मिश्रण स्वतः वापरत असे, आणि तिला हवा होता तो त्याच वळणाचा सुगंध. लोरां ल गेर्नेक आणि क्लेमां गावारी यांनी तो तिच्याशी चर्चा करत बांधला. निवडीतला सहभाग हेच माप असेल तर ‘लव्हली’ त्यात पुरेपूर उतरतो. उलट, कितीतरी फॅशन घराण्यांची सुगंधाची शाखा घराण्याच्या हातात नसतेच. कॅल्विन क्लाइनचे सुगंध २००५ मध्ये कोतीकडे गेले, इव्ह सां लोराँचे २००८ मध्ये लोरेआलकडे. ‘ग्लो’ आणि ‘लव्हली’ काढणारी कंपनीही कोतीच. शनेल, एर्मेस, गेरलाँ यांनी स्वतःचे गंधकार ठेवले, तो त्यांचा मोठेपणा आहे. पण त्या अपवादांच्या पुण्याईवर बाकीच्या साऱ्या नावांनी जगावे, हे पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: महागड्या सुगंधात माल चांगला असतो. असतो, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. शनेलने १९८७ पासून ग्रासजवळच्या पेगोमास इथल्या मुल कुटुंबाच्या शेतांशी करार ठेवून जाई आणि गुलाब राखले आहेत, आणि तो खर्च ‘नंबर फाइव्ह’च्या सर्वांत घट्ट अर्कात नाकाला कळतो. पण तेच नाव लावलेले पातळ प्रकारही विकले जातात. म्हणजे चांगल्या मालाची हमी घ्यायची तर नुसते नाव पुरत नाही. कोणता अर्क आणि किती घट्ट, हे विचारावेच लागते. झाँ पातूच्या ‘जॉय’चे उदाहरण याहून बोलके आहे. १९३० मध्ये आंरी आल्मेरासने बांधलेल्या या सुगंधाच्या एका छोट्या कुपीत जाईची १०,६०० फुले आणि २८ डझन गुलाब असल्याचे पेढी अभिमानाने सांगत असे. २०१८ मध्ये एलव्हीएमएच समूहाने पातू घराणे घेतले, आणि त्याच वर्षी ‘जॉय’ हे नाव समूहातल्याच दिओरच्या एका अगदी वेगळ्या नव्या सुगंधाला दिले. जुना ‘जॉय’ बंद झाला. व्यापाऱ्यांच्या लेखी मौल्यवान काय होते, ते इथे उघड्यावर आले. फुले गेली तरी चालली, नाव मात्र वाया जाऊ दिले नाही.

तिसरा आक्षेप म्हणजे नट्यांचे सेंट सगळे सारखेच, गोडमिट्ट. २००० नंतरच्या पुष्कळ सुगंधांबद्दल ही तक्रार रास्त आहे. पण हा गोडवा आणला कोणी? तिएरी म्युग्लेर या फॅशन निर्मात्यासाठी ओलिव्हिए क्रेस्प यांनी १९९२ मध्ये ‘एंजल’ बांधले, त्यात एथिल माल्टोलची, म्हणजे जत्रेतल्या ‘म्हातारीच्या केसां’ना येतो त्या पाकाच्या वासाची, पूर्वी कोणी न वापरलेली मात्रा होती. तिला पाचोळीच्या मातकट कडवटपणाने तोलून धरले होते, म्हणून ते थोर ठरले. नंतरच्यांनी गोडवा उचलला आणि कडवटपणा सोडला. त्यात नट्यांचे सेंट होते तसेच फॅशनवाल्यांचेही होते. नकलेचा दोष एकाच फळीवर ढकलणे न्याय्य नाही.

नावाला एवढे बळ कायद्यानेही दिले आहे, आणि मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २००६ च्या जून महिन्यात तीन दिवसांच्या अंतराने दोन देशांच्या सर्वोच्च न्यायालयांनी एकाच प्रश्नावर उलट निकाल दिले. १३ जूनला फ्रान्सच्या न्यायालयाने म्हटले की सुगंध ही केवळ कौशल्याची अंमलबजावणी आहे, लेखकाच्या हक्काला पात्र अशी कृती नाही. १६ जूनला नेदरलँड्सच्या न्यायालयाने म्हटले की सुगंधाला तो हक्क मिळू शकतो. तिथला वाद लँकोमच्या ‘त्रेझोर’चा होता, जो सोफिया ग्रोयस्मान यांनी १९९० मध्ये बांधला. त्याची स्वस्त नक्कल तपासली तेव्हा २६ पैकी २४ गंधघटक तेच निघाले. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रांनी तिजोरीतली कृती आता कोणालाही वाचता येते, त्याचा हा परिणाम. मग २००९ मध्ये लोरेआल विरुद्ध बेल्यूर खटल्यात युरोपीय न्यायालयापुढे नक्कल करणाऱ्यांचे तक्ते आले: आमचा अमुक सुगंध ‘त्रेझोर’सारखा, तमुक दुसऱ्यासारखा. न्यायालयाने असे तक्ते नावाच्या प्रतिष्ठेचा गैरफायदा ठरवले. या साऱ्याचा एकत्रित अर्थ पाहा. सुगंधाच्याच जन्मभूमीत सुगंधाची नक्कल करायला मोकळीक आहे, पण ती नक्कल आहे हे गिऱ्हाइकाला खरेखुरे सांगायला बंदी. ज्या कायद्याखाली वास सांभाळता येत नाही आणि नाव सांभाळता येते, तिथे पैसा नावावरच लागणार. बाटली, चेहरा, चित्रपट, जाहिरात यांवरचा अफाट खर्च या हिशेबातून येतो. त्या खर्चाला आपण अभिरुची समजत आलो.

शिवाय नाव वासाची साक्षही नीट देत नाही. कोतीच्या १९१७ च्या ‘शिप्र’चा आणि गेरलाँच्या १९१९ च्या ‘मित्सुको’चा कणा म्हणजे ओकमॉस, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतले एक शेवाळासारखे दिसणारे दगडफूल. त्यातल्या ॲट्रनॉलने काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते म्हणून युरोपने २०१७ च्या नियमाने तो घटक बंद केला, आणि गंधकारांना शुद्ध केलेले किंवा पर्यायी ओकमॉस वापरून जुने सुगंध पुन्हा बांधावे लागले. लिलियल हा फुलांच्या सुगंधात सर्रास वापरला जाणारा घटक १ मार्च २०२२ पासून बंद झाला. बंदीमागची कारणे आरोग्याची आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती बाटलीवर तेच नाव, तोच पुठ्ठा आणि आत बदललेला वास, याबद्दलच्या मौनाची. व्हर्सायची ऑस्मोतेक ही संस्था १९९० मध्ये झाँ केरलेओ यांच्या पुढाकाराने निघाली, ती नेमकी या विस्मरणाविरुद्ध. तिथे जुन्या कृतींप्रमाणे बांधलेले सुगंध आरगॉन वायूखाली, १२ अंश तापमानात जपून ठेवले आहेत. तिथला ‘शिप्र’ हुंगल्यावर आज त्या कुळाचे म्हणून विकले जाणारे किती सुगंध नावापुरते आहेत, ते कळते.

हे सगळे मान्य करूनही कोणी विचारील, नावातच सुख असेल तर बिघडले काय? सुखात काही बिघडत नाही. पण बायकांच्या परफ्यूमच्या बाबतीत नाव हे फार काळ दुसऱ्यासाठी होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य देशांत बायको परफ्यूम स्वतः विकत घ्यायची नाही; नवरा किंवा चाहता भेट द्यायचा. भेट देणाऱ्याला वास कळत नसे, त्याला नाव, बाटली आणि किंमत कळे. एस्टे लॉडरने १९५३ मध्ये ‘यूथ ड्यू’ आंघोळीचे तेल म्हणून विकायला काढले ते ही कोंडी फोडायला, कारण आंघोळीचे तेल बाईने स्वतःसाठी घेणे कोणाला खटकत नव्हते. १९७३ मध्ये रेव्हलॉनच्या ‘चार्ली’ने पँट घालून रस्त्याने ताडताड चालणारी, स्वतः कमावणारी बाई जाहिरातीत आणली. खरेदी बायकांच्या हाती आली, पण पारख करायची रीत मात्र भेट देणाऱ्याचीच राहिली. दुकानातल्या कागदी पट्टीवर पहिल्या पाच-दहा मिनिटांत दरवळतात ते लिंबू, संत्रे, बर्गमॉट असे उडून जाणारे वास, आणि सौदा तेवढ्यातच होत असल्यामुळे कंपन्याही त्या पहिल्या मिनिटांवर जीव ओततात. पुढे तासाभराने उमलणारे फूल आणि संध्याकाळपर्यंत अंगाशी उरणारे लाकूड, राळ, कस्तुरी यांची गाठ घरी गेल्यावर पडते. आपल्याकडे हळदीकुंकवाला सवाष्णीच्या हाताच्या पाठीवर अत्तराचा पुसट ओघळ ओढतात, तिथे पारखीची जागा आपोआप योग्य सापडलेली आहे. उबदार कातडीवर लावलेला वास बाई घरी नेते आणि दिवसभर बरोबर बाळगते. परफ्यूमचाही निवाडा तिथेच, चार-पाच तासांनी आणि नाव झाकून करायला हवा.

व्यापारातल्याही काहींना हे पटले. ज्यांच्या आजोबांनी दिओरची सुगंध-शाखा उभी केली त्या फ्रेदरिक माल यांनी २००० मध्ये पेढी काढली आणि पुस्तकावर लेखकाचे असते तसे बाटलीवर गंधकाराचे नाव छापले. हेही नावच झाले, असा आक्षेप घेता येईल, आणि २०१४ च्या अखेरीस एस्टे लॉडर कंपनीने ही पेढी विकत घेण्याचे जाहीर केले तेव्हा त्या नावांचाही बाजारभाव ठरला. तरी एक फरक उरतो: ज्याने वास बांधला त्याचेच हे नाव आहे, आणि त्याच्या आधारे एका हातातले वेगवेगळे काम ताडून पाहता येते. मालच्या २०१४ मधल्या ‘ओ द मॅग्नोलिया’वर नाव आहे कार्लोस बेनाइम यांचे. एका मनगटावर ते आणि दुसऱ्यावर त्याच बेनाइम यांचे, किमतीने त्याच्या पासंगालाही न पुरणारे ‘व्हाइट डायमंड्स’ लावून दोन्ही संध्याकाळपर्यंत हुंगले, तर दोन सुगंधांतला फरक दिसेल, आणि त्यातला आवडता कोणता हेही ठरवता येईल. फक्त त्या ठरवण्यात एलिझाबेथ टेलरचा काही संबंध येणार नाही.